सांथीचे दिवस आणि परदेशीं गेलेला विद्यार्थी

आमच्या शाळेंतून बाहेर पडलेल्या विद्यार्थ्यांपैकीं कांहीं जण पुढें उच्च शिक्षणासाठीं परदेशीं जातात, ही आतां नवलाची गोष्ट राहिलेली नाहीं. कोणी जर्मनींत यंत्रविद्या शिकतो, कोणी इंग्लंडांत व्यापारशास्त्र शिकतो, कोणी वैद्यकासाठीं रशिया किंवा फिलिपाइन्स गांठतो. जाण्यापूर्वीं तो आम्हांस भेटावयास येतो. आईनें त्याच्या पेटींत लोणच्याची बरणी, मेतकूट, गरम कपडे व औषधांची लहानशी पिशवी भरलेली असते. वडिलांनीं पैशांची तजवीज केलेली असते. आणि आम्ही शिक्षक ‘अभ्यास नीट कर, संगत चांगली ठेव, घरीं कळवीत जा’ एवढा उपदेश करून मोकळे होतों. ह्या उपदेशांत एक गोष्ट राहून जाते, असें अलीकडे आम्हांस वारंवार वाटूं लागलें आहे. परक्या मुलुखांत असतां सांथ आली तर त्यानें कसें वागावें, हें त्यास कोणी सांगत नाहीं. आणि अशा वेळीं त्याच्याशीं आपण कसें वागावें, हें आपणांसही कोणी सांगत नाहीं.

कोणी म्हणेल, आतां हा विषय कशाला? कोरोनाची जागतिक आणीबाणी संपल्याचें जागतिक आरोग्य संघटनेनें ५ मे २०२३ रोजीं जाहीर केलें. तोंडावरच्या पट्ट्या कपाटांत गेल्या. मुलें शाळेंत आलीं. परंतु तहान लागल्यावर विहीर खणणें हें शहाणपणाचें लक्षण नव्हे. सांथ अंगावर आलेली असतां मनुष्य भितो व भ्यालेल्या मनुष्यास विचार सुचत नाहीं. विचार करावयाचा तो अशा निवांत वेळींच. म्हणून आमच्या विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या पालकांपुढें ह्या अंकाच्या निमित्तानें चार शब्द ठेवण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम एका विद्यार्थिनीची हकीकत सांगतों. २०२० च्या जानेवारींत चीनमधील वूहान शहरांत ह्या नव्या रोगाची सांथ उसळली आणि २३ जानेवारीस त्या शहराचे येण्याजाण्याचे मार्ग बंद झाले. त्या सुमारास चीनमध्यें तेवीस हजारांच्या आसपास भारतीय विद्यार्थी शिकत होते व त्यांत वैद्यकाचे विद्यार्थी फार होते. वूहानला शिकणारी केरळची एक तरुण मुलगी ह्याच दिवसांत कुनमिंग शहरावरून मायदेशीं परतली. ज्या बाजाराचें नांव तेव्हां सर्वांच्या तोंडीं होतें तेथें ती कधीं गेली नव्हती. कोणा रोग्याशीं आपला संबंध आल्याचेंही तिला ठाऊक नव्हतें. मात्र स्थानकावर व आगगाडींत खोकणारीं माणसें तिनें पाहिलीं होतीं, आणि कांहीं त्रास झाल्यास रुग्णालयांत जावें, अशी सूचना तिला प्रवासांत मिळाली होती. घरीं आल्यावर पहिले कांहीं दिवस तिला कांहींच झालें नाहीं. २७ जानेवारीस घसा किंचित् दुखूं लागला व कोरडा खोकला आला.

आतां विचार करा, थंडीच्या दिवसांत घसा दुखला तर आपल्या घरीं आपण काय करतों? हळदीचें दूध पितों व झोंपतों. ह्या मुलीनें तसें केलें नाहीं. ती त्रिशूरच्या सरकारी रुग्णालयांत दाखल झाली. तिच्या घशांतील स्रावाचा नमुना आपल्या पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेंत तपासला गेला आणि ३० जानेवारीस कळलें कीं हा भारतांतील पहिला रोगी होय. २० फेब्रुवारीस ती बरी होऊन घरीं गेली. त्याच फेब्रुवारीच्या २ व ३ तारखांस केरळांतच आणखी दोन रोगी आढळले. तेही वूहानहून आलेले विद्यार्थीच होते. म्हणजे आपल्या देशांत ह्या रोगाचे पहिले तिन्ही रोगी परदेशांतून परतलेले विद्यार्थी होते. आणि ह्या तिघांपासून रोग पुढें पसरल्याचें आढळलें नाहीं, ही गोष्ट आम्हांस फार मोलाची वाटते. ज्यांच्या पायांनीं रोग देशांत आला त्यांच्याच वागण्यानें तो त्या वेळीं अडला.

त्याच दिवसांत वूहानमध्यें अडकलेल्या ६४७ भारतीयांस एअर इंडियाच्या दोन विमानांतून दिल्लीस आणण्यांत आलें. त्यांत विद्यार्थी पुष्कळ होते. त्यांस घरीं न पाठवितां मानेसर व छावला येथील छावण्यांत वेगळें ठेविलें. आईबाप भेटीस उत्सुक, मुलें घरच्या अन्नास आंचवलेलीं, आणि मध्यें चौदा दिवसांची भिंत! पुढें १५ मार्चला इटलींतील मिलान शहराहून २१८ भारतीय आले; त्यांतही २११ विद्यार्थीच होते, आणि त्यांसही छावणींतच नेण्यांत आलें. रोगाचें बीज अंगांत शिरल्यापासून लक्षणें दिसेपर्यंत बहुधा पांच-सहा दिवस, पण कधीं कधीं चौदा दिवसही लागतात, आणि लक्षणें दिसण्याच्या एकदोन दिवस आधींपासूनच मनुष्य दुसऱ्यास रोग देऊं शकतो. हा हिशेब ज्यास समजला त्यास चौदा दिवसांचा अर्थ समजला. ‘मला तर कांहींच होत नाहीं’ असें म्हणणारा मनुष्य खोटें बोलत नसतो, तरीही तो धोक्याचा असूं शकतो, हें ह्या रोगाचें वैशिष्ट्य होतें.

येथवर वाचून कोणी म्हणेल, ‘ही मुलें वैद्यक शिकणारीं, त्यांस ज्ञान होतें, म्हणून तीं नीट वागलीं. तेव्हां सर्वांस ज्ञान द्या म्हणजे झालें.’ हें म्हणणें अर्धें खरें आहे. ज्ञान नसेल तर नीट वागणें घडणारच नाहीं. परंतु ज्ञान असूनही तें घडत नाहीं, हें आपण सर्वांनीं पाहिलें आहे. २०२० च्या उन्हाळ्यानंतर नाकातोंडावर पट्टी बांधावी हें ज्यास ठाऊक नाहीं असा मनुष्य शहरांत सांपडला नसता. तरीही ती पट्टी कित्येकांच्या हनुवटीवर लोंबत होती. हात वीस सेकंद धुवावे हें लहान मुलेंही सांगत होतीं. धुणारे किती होते हें ज्यानें त्यानें आपल्या मनास विचारावें. माहिती कानांतून आंत जाते. ती हातापायांत उतरण्यास आणखी कांहीं लागतें.

हें ‘आणखी कांहीं’ म्हणजे काय, ह्याचा विचार परदेशीं राहणाऱ्या विद्यार्थ्याच्या जागीं उभें राहून करावा. तो एका लहान घरांत चार-पांच जणांसह राहतो. स्वयंपाकघर एक, न्हाणीघर एक. पुष्कळ विद्यार्थी उपाहारगृहांत किंवा दुकानांत तासांवर काम करून खोलीचें भाडें देतात; ज्या दिवशीं काम नाहीं त्या दिवशीं मजुरी नाहीं. अशा विद्यार्थ्यास ताप आला तर त्यानें घरांत राहावें हें त्यास चांगलें ठाऊक असतें. परंतु चौदा दिवस काम बुडालें तर भाडें कोठून द्यावें? सोबत्यांस सांगितलें तर ते दुसरी खोली पाहा म्हणतील काय? वैद्याकडे गेलों तर किती खर्च येईल? परवान्याला कांहीं बाध येईल काय? ह्या प्रश्नांचीं उत्तरें जर भीतिदायक असतील, तर तो तापाची गोळी घेतो व कामावर जातो. त्याचें अज्ञान त्यास कामावर नेत नाहीं, भीति नेते. म्हणून आमचें मत असें आहे कीं, सांथींत खरें सांगणारा मनुष्य मिळावयास हवा असेल तर खरें सांगण्याची शिक्षा त्यास होतां कामा नये. सांथींतील सर्व खबरदारीचें मूळ ह्यांत आहे.

ह्या दृष्टीनें त्या वर्षांतील निरनिराळ्या देशांचें वर्तन पाहण्यासारखें आहे. चीन, जपान, सिंगापूर ह्या बाजूच्या विद्यार्थ्यांस २००३ सालच्या सार्स रोगाचा अनुभव ठाऊक होता. तोंडावर पट्टी बांधणें हा त्यांच्याकडे शेजाऱ्याविषयींचा सभ्यपणा मानतात. तेच विद्यार्थी २०२० च्या आरंभीं युरोपांत पट्टी बांधून हिंडूं लागले तेव्हां लोक त्यांच्याकडे रोगी म्हणून पाहूं लागले. त्या फेब्रुवारींत लंडनच्या ऑक्सफर्ड स्ट्रीट ह्या भर वस्तीच्या रस्त्यावर सिंगापूरच्या एका विद्यार्थ्यास कोरोनाचें नांव घेऊन मारहाण झाली. पुढें कांहीं महिन्यांतच तीच पट्टी त्या देशांत आगगाडींत व दुकानांत सक्तीची झाली! जो आधीं शहाणा होता त्याला आधीं शासन मिळालें.

ऑस्ट्रेलियांत ३ एप्रिल २०२० रोजीं तेथील पंतप्रधानांनीं, ज्या परकी विद्यार्थ्यांस स्वतःचा निर्वाह करतां येत नसेल त्यांनीं आपल्या घरीं जावें, अशा अर्थाचे उद्गार काढले. पण घरीं जावें कसें? भारताचीं दारें तर २२ मार्चपासूनच बाहेरच्या विमानांस बंद होतीं, आणि ‘वंदे भारत’ मोहिमेचीं विमानें सुटूं लागलीं तीं ७ मे रोजीं. अमेरिकेंत ६ जुलैला असा नियम निघाला कीं ज्या परकी विद्यार्थ्यांचे सर्व वर्ग दूरस्थ पद्धतीनें चालतील त्यांनीं देश सोडावा. म्हणजे रोग टाळण्यासाठीं ज्या विद्यापीठानें वर्ग बंद केले, त्याच्या विद्यार्थ्यांनीं भर सांथींत प्रवास करावा! हार्वर्ड व एम. आय. टी. ह्या संस्था न्यायालयांत गेल्या व १४ जुलैला तो नियम मागें घेण्यांत आला.

ह्याच्या उलट एक गोष्ट इंग्लंडच्या बाजूनें सांगितली पाहिजे. २९ जानेवारी २०२० पासूनच तेथें असा नियम झाला कीं ह्या रोगाची तपासणी व उपचार परकीयांसही विनामूल्य मिळावे. परका असो, पाहुणा असो, खिसा रिकामा असो, ह्या रोगापुरतें रुग्णालयाचें दार त्यास मोकळें. ह्यांत दयाबुद्धि असेल, पण त्याहून अधिक व्यवहार आहे. एक मनुष्य पैशाच्या भीतीनें रोग लपवील तर तो दहा जणांस देईल, आणि त्या दहांचा खर्च एकाच्या खर्चाहून फार मोठा होईल. त्याच देशांत त्याच वर्षीं दुसरें टोंकही दिसलें. नोव्हेंबरांत मँचेस्टर येथें एका विद्यार्थिवसतिगृहाभोंवतीं न विचारतां उंच कुंपण उभारण्यांत आलें. संतापलेल्या विद्यार्थ्यांनीं तें पाडलें, आणि विद्यापीठास क्षमा मागावी लागली. शहाण्या तरुणास कारण सांगितलें तर तो चौदा दिवस खोलींत बसतो. कुंपण घातलें तर तो कुंपणाशींच झगडतो.

परंतु परदेशाचे दोष मोजण्यापूर्वीं आपल्या अंगणांत पाहणें बरें. आपल्या राज्यांत सरकारनें मार्च २०२० मध्यें परदेशांतून आलेल्यांच्या डाव्या हाताच्या मागील बाजूस, मतदानाच्या वेळीं वापरतात तशा शाईचा शिक्का मारण्यास आरंभ केला. हा मनुष्य इतरांच्या रक्षणासाठीं घरांत राहत आहे, असा त्या शिक्क्याचा अर्थ होता. जवळजवळ सन्मानाचीच ती खूण होती. पण लोकांनीं तिचा अर्थ काय केला? कांहीं शिक्केवाले घरीं न राहतां आगगाडीनें निघाले व त्यांस मधल्याच स्थानकावर उतरवावें लागलें, हेंही खरें आहे. त्यांचें समर्थन आम्ही करीत नाहीं. परंतु जो गुपचूप घरीं बसला होता त्याच्याशीं तरी आपण कसे वागलों? हें दुसऱ्याचें सांगण्यापेक्षां आमचेंच सांगतों.

आमच्या आळींतील एक मुलगा, आमचाच माजी विद्यार्थी, त्या मार्चच्या मध्यास जर्मनीहून परतला. हातावर शिक्का होता. लिंबानें घांसलें म्हणजे शाई जाते, असा सल्ला त्याला एका आप्तानें दिला होता. तो त्यानें मानला नाहीं. माळ्यावरच्या खोलींत तो चौदा दिवस एकटा राहिला. आई जिन्याच्या पायरीवर ताट ठेवी, ती खालीं गेल्यावर तो उचली. त्याच्या घरीं दूधवाल्यानें दूध देणें बंद केलें, हें आम्हांस ठाऊक होतें. आम्ही समोरच राहतों. त्याच्या माळ्याची खिडकी व आमची खिडकी समोरासमोर; मध्यें सारा रस्ता; त्या अंतरावरून रोग येणार नाहीं हें आम्ही वर्गांत मुलांस शिकविलें असतें. तरीही आम्हीं ती खिडकी लावून घेतली, व चौदा दिवस उघडली नाहीं. मुलाला कांहीं झालें नाहीं. पुढें आम्हीं खिडकी उघडली, त्याच्याशीं बोललों, आणि जणूं कांहीं घडलेंच नाहीं असें वागलों.

पुढल्या वर्षीं, १९२१ नव्हे, ज्ञानाचा एवढा गाजावाजा झालेल्या २०२१ च्या एप्रिलांत, आम्हांसच ताप आला. काय करावें हें आम्हांस पूर्ण ठाऊक होतें. आम्हींच शाळेच्या फळ्यावर तें लिहिलें होतें. परंतु पहिला विचार मनांत आला तो असा कीं, समोरच्या खिडक्या आतां आपल्यासाठीं लागतील. आम्हीं दोन दिवस कोणास सांगितलें नाहीं. त्या दोन दिवसांत आम्ही एकदां वाण्याच्या दुकानांतही जाऊन आलों. आमच्यामुळें कोणास रोग झाला कीं नाहीं हें आम्हांस कधींच कळणार नाहीं, आणि हें न कळणें हीच आमची शिक्षा आहे. तिसऱ्या दिवशीं तपासणी झाली, बातमी आळीभर झाली. त्या संध्याकाळीं दाराची कडी वाजली. बाहेर कोणी नव्हतें. उंबऱ्यापाशीं झांकलेलें भांडें होतें, आणि रस्त्याच्या पलीकडून त्या मुलाच्या आईचा आवाज आला: ‘सर, पेज ठेवली आहे. भांडें सावकाश द्या, घाई नाहीं.’ तिची खिडकी उघडी होती.

त्या भांड्यापुढें आमचें सर्व ज्ञान फिकें पडलें. आमच्याजवळ माहिती होती; तिच्याजवळ माहितीही होती आणि ती कशासाठीं आहे ह्याची जाणीवही होती. भांडें उंबऱ्यावर ठेवून दूर उभें राहणें ही खबरदारी. पेज आणणें हा शेजारधर्म. दोन्ही एकाच हातानें होऊं शकतात हें आम्ही त्या दिवशीं शिकलों.

महाराष्ट्रास हा धडा नवा नाहीं. १८९६ सालीं मुंबईंत प्लेग आला व पुढल्या वर्षीं पुण्यास पोंचला. तेव्हां रँडसाहेबाच्या हाताखालीं गोरे शिपाई घरोघर शिरून रोगी शोधूं लागले. रोगी वेगळा काढावा हा हेतु शास्त्राला धरूनच होता. पण ज्या रीतीनें तो पार पाडला गेला तिनें लोक इतके भ्याले व चिडले कीं घरांतील आजारी मनुष्य लपविणें हीच त्यांस त्याची सेवा वाटूं लागली. २२ जून १८९७ च्या रात्रीं रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या. त्याच पुण्यांत त्याच वर्षीं सावित्रीबाई फुले रोग्यांची शुश्रूषा करतां करतां स्वतः प्लेगानें १० मार्च रोजीं वारल्या. एकाच शहरांतील हे दोन मार्ग: एकाच्या भीतीनें रोगी लपविला गेला, दुसरा रोग्याच्या अंथरुणापर्यंत आपण होऊन गेला.

तेव्हां परदेशीं जाऊं इच्छिणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांस आम्ही कांहीं सांगूं इच्छितों. जाण्यापूर्वीं एका कागदावर आपल्या विम्याचा क्रमांक, विद्यापीठाच्या दवाखान्याचा पत्ता, भारतीय वकिलातीचा दूरध्वनि आणि आपण घेतलेल्या लशींची नोंद लिहून ठेवा. ताप चढल्यावर हीं टिपणें शोधीत बसण्याची शक्ति राहत नाहीं. लशीची नोंद ही क्षुल्लक बाब समजूं नका. २०२१ सालीं परदेशीं जाणाऱ्या विद्यार्थ्यांसाठीं सरकारला कोविशील्डच्या दुसऱ्या टोंचणीचें अंतर अठ्ठावीस दिवसांवर आणावें लागलें, आणि मुंबईंत कस्तुरबा, कूपर व राजावाडी रुग्णालयांत त्यांच्यासाठीं खास सोय करावी लागली; ज्यांचे कागद तयार होते त्यांचेंच काम वेळेवर झालें. जेथें राहाल तेथील सरकारी सूचना स्वतः वाचा. मावशीनें पाठविलेल्या निनांवी संदेशावर विसंबूं नका. चौदा दिवसांचें भाडें व जेवण भागेल एवढी रक्कम निराळी बांधून ठेवा व तिला हात लावूं नका; ह्या रकमेच्या बळावर तुम्हांला ताप आला असतां कामावर न जाण्याचें धैर्य येईल. आजारी पडलांत तर पहिल्याच तासाला सोबत्यांस सांगा. खिडकी उघडी ठेवा, पट्टी नाकावरून नीट बांधा, सामाईक स्वयंपाकघरांत जाऊं नका. आणि दिवसांतून एकदां तुमची विचारपूस करील असा एक मित्र आधींच ठरवून ठेवा. तुम्हींही कोणाचे तरी असे मित्र व्हा.

पालकांस आमची विनंति निराळी आहे. मुलगा किंवा मुलगी सातासमुद्रांपलीकडून ‘मला बरें नाहीं’ असें म्हणते तेव्हां आईबापांच्या तोंडून काळजीपोटीं पहिला शब्द निघतो तो ‘कोणास सांगूं नकोस, लगेच निघून ये.’ हे दोन्ही सल्ले घातक आहेत. ताप उतरविण्याची गोळी घेऊन विमानतळावरची तपासणी चुकव, असें सांगणारे पालकही त्या वर्षीं होते. ज्या विमानांत आपलें मूल बसतें त्यांत दुसऱ्यांचीं मुलेंही बसतात, हें त्यांनीं ध्यानांत घेतलें नाहीं. त्यापेक्षां ‘वैद्यास कळविलेंस का? खोली वेगळी आहे ना? पैशांची चिंता करूं नकोस’ एवढेंच म्हणा. मुलानें खरें सांगितलें म्हणून त्यास शाबासकी द्या. तें पुढच्या वेळींही खरें सांगेल.

आणि शेवटीं आपणां सर्वांविषयीं. आपल्या पुण्यांत व मुंबईंत आफ्रिकेंतील, पश्चिम आशियांतील व नेपाळांतील विद्यार्थी शिकावयास येतात. त्यांच्या घरापासून आपण परदेशच आहों. इतकेंच नव्हे, तर आपल्याच देशाच्या ईशान्य भागांतून आलेल्या मुलामुलींस २०२० सालीं चेहऱ्यावरून रोगाचें नांव चिकटवून हिणविण्यांत आलें, आणि असें करूं नये म्हणून केंद्र सरकारला राज्यांस लिहावें लागलें, ही गोष्ट आपणांस शोभणारी नव्हती. लंडनच्या रस्त्यावर आमच्या मुलास कोणी ढकलूं नये अशी इच्छा असेल तर आमच्या रस्त्यावरून जाणाऱ्या परक्या मुलास आम्हींही वाट दिली पाहिजे.

कडक नियम नकोत असें आमचें म्हणणें मुळींच नाहीं. सांथींत नियम हवेत, तपासणी हवी, चौदा दिवसांची भिंतही हवी. जाणूनबुजून फसविणाऱ्यास दंडही हवा. परंतु त्या भिंतीस एक खिडकी असावी व ती बाहेरच्यांनीं लावून घेऊं नये. केरळच्या त्या मुलीनें घसा दुखतांच दार ठोठावलें, कारण दार उघडेल असा तिला भरंवसा होता. असा भरंवसा औषधाच्या दुकानांत मिळत नाहीं. तो शेजारीपाजारी, शाळेंत व घरांत, सांथ येण्यापूर्वींच वर्षानुवर्षें तयार करावा लागतो. पुढची सांथ केव्हां येईल हें सांगतां येत नाहीं. ती येईल तेव्हां आमच्या विद्यार्थ्यांपैकीं कोणी तरी दूर देशीं एका लहानशा खोलींत असेल, आणि कोणी तरी परका आमच्या आळींत. दोघांसही खरें सांगण्याचें धैर्य व्हावें, एवढी तयारी आपण सर्वांनीं मिळून करावी, अशी आमची इच्छा आहे. आमच्यापुरतें म्हणाल तर आमची खिडकी आतां उघडी आहे.